सगळं ऐकणारा माइक

"भिंतीकडं तोंड करून उभे राहा तिघंही," नेर्लेकर म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्ही माइक घ्यायला आलो होतो आणि हा माणूस आम्हाला मास्तरसारखा भिंतीकडे वळवत होता.

"अहो, वळा की. माइक डोळ्यांनी घ्यायला लागलात की फसलात. हा सोनेरी दिसतो, त्याची जाळी मोठी आहे, तो त्या गाणाऱ्याकडं बघितला होता. ते सगळं सोडा. मी न सांगता एकेक वाजवणार. तुम्ही नुसता नंबर सांगायचा."

नेर्लेकरांचं दुकान कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बोळात होतं. लग्नाच्या कर्ण्यापासून पेटीच्या भात्यापर्यंत सगळं तिथं मिळायचं, आणि उधारी सोडून सगळं मिळेल अशी पाटीही होती. मागं काचेची एक छोटी खोली होती. तिथं जाऊन अवधूतनं आणि मी एकेक करून तीन माइकसमोर त्याच चार ओळी म्हटल्या होत्या. तिन्ही आमच्या आवाक्यातले. आवाक्याबाहेरचे नेर्लेकरांनी कपाटातून काढलेही नव्हते, माणूस बघूनच त्यांनी किल्ली फिरवली नव्हती.

चार ओळी माझ्याच होत्या. त्यातला धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा.

धोटा जातो, धोटा येतो, मधनं गेलं वय
बापाच्या कानात सूत भरलंय, पोरगं ऐकू येत नाय
मी वरडतोय दारातनं, तो बघतोय माझं तोंड
त्याच्या दोन्ही कानांत फुललंय कापसाचं बोंड

आम्ही इचलकरंजीचे. रॅप करायचो. म्हणजे मी लिहायचो आणि म्हणायचो, अवधूत तारदाळे नुसता म्हणायचा, आणि मुनीर मोमीन कॉम्प्युटरवर त्याखालचं संगीत करायचा. पुण्यातला एक माणूस लहान गावांतल्या पोरांची गाणी एकत्र काढणार होता. त्याला अवधूतच्या कडव्याचा मोबाइलवरचा नमुना आवडला होता, पण असला खरखरीत आवाज चालणार नाही, नीट माइकवर रेकॉर्ड करून पाठवा, म्हणाला होता. गाण्यात दोन कडवी. पहिलं अवधूतचं, दुसरं माझं. दुसऱ्या कडव्यात माझे आप्पा होते, आणि ते मी माझ्या तोंडानं म्हणणार होतो. मला जन्मात एवढीच गोष्ट पाहिजे होती. बाकी सगळं जाऊ दे म्हणण्याइतकी पाहिजे होती.

अडचण माझ्या आवाजाची होती. तो बारीक आहे. आजही आहे. आज त्याच आवाजावर माझं पोट चालतं, कार्टूनमधल्या उंदरांना आणि खारींना मी मराठीत बोलतं करतो. पण त्या वयात तो आवाज म्हणजे गल्लीची करमणूक होती. त्यात नाव शीतल. आमच्या जैनांत ते पुरुषाचं नाव असतं, हे बाहेरच्यांना सांगता सांगता माझा निम्मा जन्म गेला. अवधूत मला पिपाणी म्हणायचा. प्रेमानं म्हणतोय असं मला बरीच वर्षं वाटलं.

"पहिला," नेर्लेकर म्हणाले आणि बटण दाबलं.

अवधूतचा आवाज आला. त्याचा आवाज म्हणजे देवानं दोन्ही हातांनी दिलेला. पण ह्या माइकवर तो घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाजला. मागोमाग माझा आला आणि मी भिंतीकडे बघत चमकलो. तो माझाच होता, पण त्याला अंग आलं होतं. बोलणारा पोरगा बारकाच असला तरी दारात पाय रोवून उभा आहे असं वाटत होतं.

"दुसरा."

दुसरा खेळण्यातला होता. तिघंही एकदमच नको म्हणालो.

"तिसरा."

तिसऱ्यात अवधूत असा आला की मुनीरनं भिंतीवर हात टेकला. नुसता आवाज नाही, त्यानं ओठ उघडले ते ऐकू आलं, श्वास घेतला तो ऐकू आला. आणि मग मी आलो. प्रत्येक 'स' कानात सुईसारखा शिरत होता. आधीच बारीक, त्यात सगळा मांजा लावलेला. तेवढ्यात नेर्लेकरवहिनी आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "अगबाई, ही मुलगी कोण? गोड आहे आवाज. भजनाला बसते का कुठं?"

अवधूत भिंतीला डोकं लावून हसायला लागला. मुनीरही हसला. नेर्लेकरांनी मान खाली घालून तोंड लपवलं. बिचाऱ्या वहिनींना काही कळेना. मी चहा घेतला. दुसरं काय करणार?

"तिसरा," अवधूत म्हणाला. "डोळं झाकून तिसरा."

"पहिला," मी म्हणालो.

नेर्लेकरांनी आम्हाला वळायला लावलं आणि समजावून सांगितलं. पहिला तो स्टेजवरचा साधा माइक, डायनॅमिक. त्याला तोंडाशी धरलं तरच ऐकू येतं, लांबचं काही तो मनावर घेत नाही. तिसरा कंडेन्सर. तो चोंबड्या शेजारणीसारखा, कुणी कुठं कुजबुजलं तरी त्याला कळतं. किंमत जवळपास सारखीच.

"खोली कशी आहे तुमची?" त्यांनी विचारलं. "शांत आहे ना? कंडेन्सरला शांतता लागते."

"एकदम शांत," मुनीर म्हणाला.

"एकदम," मीसुद्धा म्हणालो.

हे वाचून कुणी आम्हाला वेड्यात काढेल. मुनीरची खोली मोमीन गल्लीत, दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने, खाली तिसरा. पण आम्ही त्या आवाजातच जन्मलो होतो. पाळण्यात तोच, शाळेत तोच, मयताच्या मागून चालतानाही तोच. आम्हाला कुणी आवाज येतोय का विचारलं तर आम्ही गाडीचा हॉर्न ऐकायचा प्रयत्न करायचो. मागांचा खडखडाट हा आवाज असतो हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यातून तेव्हा मजुरीवाढीसाठी कामगारांचा संप चालू होता, आणि सगळं गाव कित्येक दिवस गप्प पडलं होतं. इतकं गप्प की म्हाताऱ्या माणसांना झोप लागेना झाली होती.

अवधूत नुसता चहा पीत होता.

"शितल्या, मर्दा, ऐक," तो नंतर म्हणाला. "स्टेजवरचा माइक घिऊन काय पुण्याला पाठवालायस? हसतील. सगळी स्टुडिओवाली कंडेन्सरच वापरत्यात. तुझा 'स' काय, मुनीर कॉम्प्युटरवर घासून काढंल. काय मुन्ना?"

"काढतो की," मुनीर म्हणाला.

"माझा आवाज त्यात घाण यालाय," मी म्हणालो.

"तुझा आवाज माइकमुळं घाण येत न्हाई, पिपाणी," अवधूत म्हणाला, आणि नेर्लेकरांकडे बघून डोळा मारला.

मुनीरचं मत कंडेन्सरला पडलं. दोन विरुद्ध एक. माझ्या वाट्याचे पैसे मी कारखान्यात सुताच्या कांड्या भरून साठवले होते. तेही मीच नेर्लेकरांच्या हातावर ठेवले आणि खोकं मांडीवर घेऊन बसनं परत आलो.

मुनीरची खोली खरोखर रेकॉर्डिंगसाठीच केल्यासारखी होती. त्याच्या चाच्यांचं कापड घडी करायचं काम होतं, त्यामुळे खोलीत चारी भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. तिथं टाळी वाजवली तर ती तिथंच मरायची. दोन ताग्यांच्या मधल्या फटीत आम्ही माइक उभा केला. समोर एका कड्याला बायकांचा पायमोजा ताणून लावला, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना हवा माइकवर आदळत नाही. मोजा मुनीरच्या बहिणीचा होता. ती बरेच दिवस तो शोधत होती.

पहिल्यांदा कोण? अवधूतनं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"माझं आधी उरकून घिऊया. मला लई खेपा करायला लागत्यात, तुला म्हाईत हाय की. तुझं एका दमात हुतंय. तू निवांत कर."

हे खरं होतं, म्हणून मला गोडही वाटलं. मी हेडफोन कानाला लावून मुनीरशेजारी बसलो आणि त्याच्या चुका काढायला लागलो. इथं श्वास आधी घे. हा शब्द गिळू नकोस. अवधूत शहाण्यासारखा ऐकायचा आणि परत म्हणायचा. एक दिवस गेला, दुसरा गेला. त्याच्या कडव्यात काही दम नव्हता असं नाही, तेही मीच लिहिलं होतं. पण तो परत परत पहिल्यापासून म्हणायचा. झालेलं बरं असलं तरी म्हणायचा, "अजून एक." मी पुढच्या दिवसाची वाट बघत होतो.

त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, "आरं, आप्पांना डबा द्यायचा हाय न्हवं तुला? जा की. तवर मी घसा शेकतो."

कामगारांचा ठिय्या प्रांत ऑफिससमोर होता. आप्पा तिथं मांडवात पहिल्या रांगेत बसलेले. नेमगोंडा मगदूम, तारदाळ्यांच्या कारखान्यातले जुने विणकर. हो, अवधूतच्याच वडलांच्या कारखान्यातले. आप्पांच्या कानांचं केव्हाच वाटोळं झालं होतं. मागावर आयुष्य गेलेल्या माणसांचं होतंच ते, पण आप्पांचं जरा जास्त. आधी बारीक आवाज जातात. पाखरं गेली, कुकरची शिट्टी गेली, मग आई गेली, म्हणजे आईचं बोलणं. जाड आवाज अजून थोडे पोचत होते. कारखान्यातल्या सगळ्यांसारखे तेही समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे, त्यामुळे घरात कामापुरतं चालायचं. पण मान वळली की संपलं. मी कळता झाल्यापासून माझा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता.

"झालं काय गाणं?" त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचं विचारणं, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"उद्या माझं हाय," मी त्यांच्यासमोर बसून ओठ स्पष्ट हलवत म्हणालो.

"त्यात मी हाय म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"तुझी आई." त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडून दोन्ही बाजूंच्या माणसांना दिली. त्यांच्याकडे डबे नव्हते. "चांगलं मोठ्यानं म्हण. मोबाइल कानाला लावला तर मला यील काय ऐकू?"

"यील, आप्पा."

"मग बास."

मी त्या दिवशी मांडवातनं उठताना मनातल्या मनात देवाला म्हणालो, संप अजून चार दिवस टिकू दे. भाकरीचे तुकडे वाटून खाणाऱ्या माणसांच्यात बसून मी हे मागितलं. मला अजून त्याची लाज वाटत नाही. पोटापेक्षा मोठी भूक नसते असं ज्यानं म्हटलं त्याला बाकीच्या भुका लागल्या नसणार.

परत आलो तेव्हा खोलीचं दार आतून लावलेलं होतं. थोड्या वेळानं मुनीरनं उघडलं. अवधूत गेला होता.

"झालं त्याचं?" मी विचारलं.

"झालं," मुनीर म्हणाला आणि कॉम्प्युटर बंद केला. "उद्या सकाळी लवकर ये. संध्याकाळपर्यंत पुण्याला पाठवाय पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दही खाल्लं नाही, थंड पाणी प्यायलो नाही. आईनं खडीसाखर दिली. अवधूत आला नव्हता. मुनीर म्हणाला, येतो म्हणालाय. आम्ही सुरुवात केली. पहिल्या दोन खेपा घसा गरम करण्यात गेल्या. मग मी माइकपासून थोडा बाजूला सरकलो, सरळ समोर न म्हणता थोडं तिरकं म्हटलं, तर 'स' बराच मऊ आला. ही युक्ती माझी मीच शोधली होती. मुनीरनं अंगठा वर केला. मी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. धोटा जातो, धोटा येतो. ह्या खेपेला माझा आवाज कसा येतोय ते मला म्हणतानाच कळत होतं. तो बारीक होता, पण पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या ओळीवर फरशी हलली.

आधी एकच माग. खट्, खट्, खट्, अडखळत, गंजलेला. मग त्याच्याशेजारचा. मग खालचा अख्खा कारखाना, मग डावीकडचा, मग रस्त्यापलीकडचा. बघता बघता सगळी गल्ली खडखडायला लागली. गल्लीत बायका ओरडत होत्या. कुणीतरी नारळ फोडला. कुणी फटाक्याची माळ लावली. संप मिटला होता. मजुरी वाढली होती. कित्येक दिवसांनी चुली नीट पेटणार होत्या आणि माणसं रस्त्यात एकमेकांना पेढे भरवत होती. आणि मी दोन ताग्यांच्या फटीत, पायमोज्यासमोर, तोंड उघडं ठेवून उभा होतो.

"चालू ठेव!" मुनीर ओरडला. "थांबू नको!"

मी थांबलो नाही. मी ओरडून म्हणालो. परत म्हणालो. खिडकीत तागे कोंबले, दाराखाली रजई सारली, मी अंगावर चादर घेऊन माइकला मिठी मारून म्हणालो. मग मुनीरनं ऐकवलं. सगळं ऐकणाऱ्या माइकनं खरोखर सगळं ऐकलं होतं. तिन्ही कारखाने त्यात होते, फरशीची थरथर होती, नारळ होता. माझ्या तिसऱ्या ओळीवर खालनं आईची हाक होती. "शीतल, आरं आप्पा कामावर गेलं रं! ऐकलास का?" आनंदानं तिचा आवाज फाटला होता. ह्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी मी होतो, विहिरीत पडलेल्या मांजरासारखा.

"कोल्हापूरला जातो," मी म्हणालो. "नेर्लेकरांच्या काचेच्या खोलीत करतो. तो पहिला माइक घिऊन करतो. दुपारपर्यंत येतो."

मुनीर खुर्चीत बसून राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"जाऊ नको."

"का?"

"पाठवलंय मी. काल रात्रीच."

मला आधी कळलंच नाही. अपुरं गाणं कसं पाठवलं, असं मी विचारलं. मग मुनीरनं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले आणि बटण दाबलं. शांत खोलीत, गुळगुळीत, श्वाससुद्धा जागच्या जागी असलेल्या आवाजात अवधूत म्हणत होता, बापाच्या कानात सूत भरलंय, पोरगं ऐकू येत नाय. मी डबा घेऊन गेलो होतो तेव्हा हे झालं होतं. माझ्या कडव्याचे सगळे श्वास त्यानं मी सांगितलेल्या ठिकाणी घेतले होते.

"त्याला म्हाईत होतं," मुनीर म्हणाला. "संप आज मिटणार ते. मालकांचं गेल्या आठवड्यातच ठरलेलं. त्याच्या घरातच बैठक झालेली."

"दुकानात गेलो तवा?"

"तवाबी म्हाईत होतं. डायनॅमिक घेतला असता तर तुला माग चालू असतानाबी करता आलं असतं, म्हणून..." तो थांबला. "मला काल कळलं. तुला तोंडावर सांगायचा धीर झाला न्हाई. मी काय करू, शितल्या? कॉम्प्युटर त्याचा हाय."

आमच्या तिघांत एकालाच मागांची आठवण होती. ज्यानं माग कधी चालवला नव्हता त्याला.

मी तारदाळ्यांच्या बंगल्यावर गेलो. कारखाना बंगल्याला लागूनच. अवधूत फाटकात उभा राहून कामगारांना पेढे वाटत होता. मलाही त्यानं पुढं केला.

"ते कडवं माझं हाय," मी म्हणालो.

"तुझंच हाय की. लेखक म्हणून नाव घातलंय तुझं, विचार मुन्नाला." तो हळू बोलत होता, मागांच्या आवाजातही त्याचं हळू बोलणं ऐकू यायचं. "मर्दा, गाण्याला आवाज लागतोय. तुझ्याकडं शब्द हाईत, माझ्याकडं आवाज हाय. पुण्याचा माणूस तुझं ऐकून काय म्हणाला असता? ही पोरगी कोण, म्हणला असता."

"त्यातला बाप माझा हाय."

"बाप तुझाच. न्हाई कोण म्हणतंय?" त्यानं खिशातून रुमाल काढून बोटांचं तूप पुसलं. "पर मजुरी आमच्याकडनंच घेतोय न्हवं?"

मी त्याच्या तोंडात मारायला पाहिजे होतं. हाताची मूठ झालीही होती. पण त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे आप्पांचे माग चालू होते, ते मला बाकीच्यांतून वेगळे ऐकू येत होते. आज त्यांचा पहिला दिवस होता. मी मूठ सोडली आणि त्यानं तिच्यात पेढा ठेवला.

गाणं दोन-अडीच महिन्यांनी आलं. चाललं. फार नाही, पण आमच्या गावात जेवढं चालायचं तेवढं चाललं. चहाच्या गाड्यांवर वाजलं, गणपतीच्या मिरवणुकीत वाजलं. मी कुणाशी बोललो नाही. मुनीरशी नाही, अवधूतशी तर नाहीच. घरीही काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? आप्पांनी एकदा विचारलं होतं, गाण्याचं काय झालं, आणि मी ओठ न हलवता मान हलवली होती.

एका संध्याकाळी मी घरी आलो तर आप्पा उंबऱ्यावर बसलेले. कारखान्यातल्या कुणाचा तरी मोबाइल त्यांच्या उजव्या कानाला इतका दाबून धरलेला की कान पांढरा पडला होता. डोळे मिटलेले. आई शेजारी पदराला डोळे पुसत होती. तो आवाज माझा नाही हे तिलाही कळलं नव्हतं. तिनं माझा आवाज घरातला ऐकला होता, माइकवर तो बदलतो असं तिला कुणीतरी सांगितलं असणार. मला बघून ती म्हणाली, "ऐकू आलं रं त्यांना. सगळं ऐकू आलं."

आप्पांनी डोळे उघडले. मला त्यांनी हाताला धरून ओढून खाली बसवलं. ओरडूनच बोलायचे ते, त्या दिवशी जरा जास्तच ओरडले.

"आरं, शब्दन् शब्द! कापसाचं बोंड! आँ? माझ्या कानात कापसाचं बोंड!" ते हसत होते आणि माझ्या पाठीवर थापा मारत होते. "कारखान्यातल्या सगळ्या खात्याला ऐकवलं. म्हटलं, ह्यो माझा पोरगा. लोकं म्हणायची, मगदुमाच्या पोराचा आवाज बाईगत हाय. मी म्हटलं, असंल बाबा, मला कुठं ऐकू येतंय? आज ऐकलं. बापय्यागत आवाज हाय की रं तुझा!"

"आप्पा," मी म्हणालो, "त्यो अवधूत हाय."

त्यांनी माझे ओठ वाचले. "व्हय, पहिल्यात अवधूत हाय. सांगितलं मला. दुसऱ्यात तू. दोघांचा आवाज सारखाच यालाय, एवढं मात्र खरं." आणि त्यांनी परत मोबाइल कानाला लावला, डोळे मिटले.

"आप्पा, दुसऱ्यातबी मी न्हवं," मी म्हणालो.

त्यांचे डोळे मिटलेले होते. मी त्यांच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून म्हणालो. मला वाटतं, शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं. आई माझ्याकडे बघायला लागली. तिचा पदर तोंडाशीच राहिला.

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. कानाशी काहीतरी वळवळलं एवढंच त्यांना कळलं.

"आं? काय बारीक बारीक बोलालायस?" ते डोळे न उघडता म्हणाले. "तिकडं गाण्यात एवढं खणखणीत बोलतोस, आणि बापाशी बोलताना पुटपुटतोस व्हय? गाण्यात बोललास तसं बोल की घरात."

आई नको म्हणून मान हलवत होती. कशाला नको, ते तिनं सांगितलं नाही. मी घसा खाली दाबला. हनुवटी गळ्याला टेकवली, छातीतून हवा ढकलली, आणि अवधूत तारदाळेच्या आवाजात, त्याच्यासारखं हळू, आप्पांच्या कानात म्हणालो,

"मीच हाय, आप्पा."

"हां, आत्ता कसं!" आप्पा म्हणाले, आणि त्यांनी गाणं परत पहिल्यापासून लावलं.